चाकांवरचा ओटा : छोट्या ट्रेलरमधील सुरक्षित स्वयंपाकाची मांडणी

पावसाची पहिली दमदार सर कोसळली की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील वाहने मुरबाडमार्गे माळशेजकडे, शहापूरमार्गे कसारा-इगतपुरीकडे किंवा बदलापूरमार्गे बारवी धरणाच्या दिशेने धावू लागतात. एकेकाळी या सहलींची शिदोरी म्हणजे पोळीभाजीचा डबा आणि चहाचा थर्मास. पुढे रस्त्याकाठची हॉटेले आली. अलीकडच्या काळात मात्र मोटारीच्या मागे छोटा ट्रेलर जोडून, त्यातच झोपण्याची आणि रांधण्याची सोय करून बाहेर पडण्याची हौस काही कुटुंबांत दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर या हौसेला शासकीय पातळीवरही मान्यता मिळाली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट विदर्भापर्यंतचा रस्ता या परिसरातील रहिवाशांच्या दारात आला.

ट्रेलर विकत घेताना किंवा एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून बनवून घेताना गादी कशी असावी, पडदे कोणते असावेत, याची चर्चा पुष्कळ होते. स्वयंपाकाच्या जागेचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. उरलेल्या कोपऱ्यात शेगडी, तिच्याखाली सिलिंडर, अशी मांडणी उरकली जाते. घरात जी मांडणी वर्षानुवर्षे निर्धोक ठरली, तीच दहा फूट लांबीच्या बंद डब्यात प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच या ओट्याची मांडणी सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीपूर्वक करणे आवश्यक ठरते.

जुना रिवाज, नवे वाहन

फिरता स्वयंपाक महाराष्ट्राला नवा नाही. आषाढी वारीत दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक आणि टेम्पो हे वारकऱ्यांचे फिरते कोठारच असते. शिधा, मोठी पातेली, पाण्याची पिंपे, शेगड्या असा सारा संसार त्यात असतो. मुक्काम पडला की सामान खाली उतरते आणि चूल मोकळ्या मैदानावर किंवा राहुटीत पेटते. आचारी सोबत नेणाऱ्या यात्रा कंपन्यांच्या बसगाड्यांतही हाच शिरस्ता राहिला आहे. त्याही पूर्वी बैलगाडीने जत्रेला निघालेली कुटुंबे गाडी झाडाखाली सोडून, तीन दगड मांडून, गाडीपासून अंतरावर स्वयंपाक करीत. गाडीत कडबा आणि अंथरूण-पांघरूण असल्याने विस्तव दूर ठेवणे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

या रिवाजात एक सोपे तत्त्व दडलेले आहे. सामान वाहनात, विस्तव वाहनाबाहेर. अमेरिकेत १९३०च्या दशकात लोकप्रिय झालेल्या, थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरांतही हेच तत्त्व पाळलेले दिसते. त्यांच्या मागच्या बाजूचे झाकण वर उचलले जाते आणि त्याच्या छत्राखाली उभ्या-उभ्या स्वयंपाक होतो. झोपण्याची जागा आडभिंतीपलीकडे वेगळी राहते. छोट्या ट्रेलरसाठी आजही याहून सुरक्षित रचना नाही.

धोका नेमका कोठे?

पहिला धोका गॅसच्या गळतीचा. सिलिंडरमधील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण असून ते हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते. गळती झाली की हा वायू खाली उतरतो, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच ट्रेलरचे आकारमान जेमतेम दहा घनमीटर भरते. डोंबिवलीतील वन रूम किचनमधले स्वयंपाकघरही सहसा याहून मोठे असते. या दहा घनमीटरांत दोन टक्के गॅस साचण्यास अर्ध्या किलोहूनही कमी एलपीजी पुरतो. म्हणजे पाच किलोच्या लहान सिलिंडरचा साधारण दहावा हिस्सा. गॅस तळाशीच साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी गळतीही पुरेशी ठरते.

येथे ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील रहिवाशांनी एक फरक ध्यानी घ्यायला हवा. या शहरांतील अनेक घरांत आता महानगर गॅसचा नळाने येणारा नैसर्गिक वायू वापरला जातो. तो हवेपेक्षा हलका असतो. गळती झाल्यास वर जातो आणि उघड्या खिडकीतून बराचसा निघून जातो. या सवयीने वावरणाऱ्या कुटुंबाला सिलिंडरच्या जड वायूची चाल अनोळखी असते. ट्रेलरची खिडकी उघडी असली, तरी फरशीलगतचा गॅस तिथून बाहेर पडत नाही.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. पुरेशी हवा मिळाली तर एलपीजी जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. मध्यम आकाराचा एक बर्नर तासभर पूर्ण क्षमतेने चालला, तर त्याला सुमारे दोन घनमीटर हवेतील सारा प्राणवायू लागतो. दोन बर्नर चालले तर चार घनमीटर. खोलीच दहा घनमीटरांची असेल, तर हिशेब स्पष्ट आहे.

हे धोके कागदोपत्री नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे थंडीपासून बचावासाठी बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळमधील आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई स्थानकाजवळ उभ्या केलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात, नियम मोडून आणलेल्या सिलिंडरमुळे भल्या पहाटे आग लागली आणि नऊ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरचा धूर वाहनाच्या तळातील छिद्रावाटे आत शिरला होता, असे तपासात पुढे आले. तिन्ही घटनांत ठिकाणे वेगळी, साधने वेगळी. पण बंद जागा आणि ज्वलन यांची संगत तीच.

माळशेजच्या पावसात या धोक्याला आणखी एक पदर जोडला जातो. वारा पाऊस आत फेकतो म्हणून खिडक्या बंद होतात, झरोक्यांत फडकी कोंबली जातात आणि ऊब हवी म्हणून शेगडी चालूच ठेवली जाते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणे आणि सुस्ती. घाटातील वळणांनंतर हीच लक्षणे दिसली की 'गाडी लागली' असे समजून मुलांना झोपवले जाते. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर आधी शेगडी बंद करून सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

ओट्याची जागा

पहिली पसंती वाहनाबाहेरच्या ओट्याला द्यावी. मागचे झाकण उघडून तयार होणारा ओटा किंवा बाजूच्या कप्प्यातून रुळांवर बाहेर सरकणारी शेगडी, हे दोन्ही पर्याय येथील फॅब्रिकेटर सहज बनवू शकतात. पावसासाठी वर ताडपत्रीचे छत ताणावे. पण ते ज्वालेपासून पुरेसे उंच असावे आणि किमान दोन बाजू पूर्ण मोकळ्या राहाव्यात. चारही बाजूंनी ताडपत्री सोडली की बाहेरचा ओटाही बंद खोलीच बनतो.

आतच ओटा करायचा असल्यास तो दाराच्या वाटेत नसावा. आग लागली तर ती माणूस आणि दार यांच्यामध्ये असता कामा नये, हा येथील मूळ नियम. झोपण्याच्या गादीपासून ओटा शक्य तितका दूर असावा. शेगडीच्या वर कपाट किंवा लाकडी फळी नसावी. वरच्या बाजूला आणि मागे पडदा, कॅलेंडर, टॉवेल असे काहीही लटकू देऊ नये. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून ओट्याच्या कडेला दोन इंच उंचीची पट्टी बसवावी. शेगडीवरही भांडी अडवणारे लोखंडी कठडे असावेत.

ट्रेलरची आतील बांधणी बहुधा प्लायवूडची असते. ओट्याच्या परिसरात साध्या प्लायवूडऐवजी भारतीय मानक ५५०९ नुसार बनवलेले अग्निरोधक प्लायवूड वापरावे. त्यावर थेट पत्रा ठोकणे पुरेसे नसते. पत्रा तापला की उष्णता लाकडात उतरते. मध्ये सिमेंटची शीट घालावी किंवा पत्रा आणि लाकूड यांत सुमारे इंचभर हवेची फट ठेवून स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवावा. उष्णतारोधनासाठी भिंतीत थर्माकोल किंवा फोम भरलेला असेल, तर ओट्यामागच्या भागातून तो काढून तेथे रॉकवूल भरावे. थर्माकोल सहज पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो.

सिलिंडरचा कप्पा

छोट्या सहलीसाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नेण्याचे कारण नाही. चार माणसांच्या घराला तो साधारणपणे महिनाभर किंवा त्याहून अधिक पुरतो. दोन-तीन दिवसांसाठी पाच किलोचा सिलिंडर भरपूर होतो. ओळखपत्र दाखवून, घरगुती जोडणीशिवायही तो अधिकृत वितरकांकडे मिळतो. अनधिकृत ठिकाणी मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये गॅस भरून घेणे बेकायदा तर आहेच, पण अत्यंत धोकादायकही आहे. त्यात सिलिंडर प्रमाणाबाहेर भरला जाऊ शकतो आणि उन्हात तापल्यावर आतील द्रवाला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवरील खूण वाचावी. ए, बी, सी, डी या अक्षरांचा अर्थ अनुक्रमे वर्षाची पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी तिमाही असा असून पुढील अंक वर्ष दर्शवतात. त्या तारखेपर्यंत सिलिंडरची पुढील चाचणी होणे आवश्यक असते. मुदत उलटलेला सिलिंडर स्वीकारू नये.

सिलिंडरचा कप्पा स्वतंत्र असावा आणि त्याचे दार केवळ बाहेरून उघडणारे असावे. कप्पा आणि राहण्याची जागा यांतील भिंतीत एकही फट राहता कामा नये. नळी जाते ते छिद्रही रबरी बुचाने पक्के बंद करावे. कप्प्याच्या तळाला, अगदी सर्वांत खालच्या बिंदूपाशी, थेट बाहेर उघडणारी झरोक्याची छिद्रे असावीत. जड गॅस आपल्या वजनाने तिथून निघून जातो. ही छिद्रे चिखलाने किंवा पानांनी बुजलेली नाहीत ना, हे प्रत्येक मुक्कामी पाहावे. कप्प्यात विजेची जोडणी, बॅटरी, इन्व्हर्टर किंवा ठिणगी पडेल असे काहीही ठेवू नये. युरोपात अशा वाहनांतील गॅस जोडणीसाठी ईएन १९४९ हे मानक आहे. ट्रेलर नव्याने बनवून घेणाऱ्याने कारागिराशी बोलताना ते संदर्भासाठी हाताशी ठेवायला हरकत नाही.

सिलिंडर नेहमी उभाच असावा. आडवा ठेवल्यास वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरकडे येतो आणि बर्नरवर भडका उडतो. ठाणे-भिवंडी बायपासचे खड्डे किंवा घाटातील गतिरोधक यांचा विचार करता तळाशी बैठकीचे कडे आणि वर-खाली दोन पट्टे, अशी सिलिंडरची बांधणी असावी. नुसत्या सुतळीवर विसंबू नये.

नळी, रेग्युलेटर आणि शेगडी

रबरी नळी आयएसआय चिन्हांकित, आत तारेची जाळी असलेल्या सुरक्षा प्रकारातील असावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि ती दर पाच वर्षांनी, भेगा दिसल्यास त्याआधीच, बदलावी. नळी भिंतीतून किंवा कपाटातून लपवून नेऊ नये. कप्प्यापासून ओट्यापर्यंतचा टप्पा लांब असेल, तर मधला भाग तांब्याच्या पक्क्या नळीचा करून घ्यावा, ती ठरावीक अंतरावर क्लॅम्पने बांधावी आणि शेगडीजवळ गॅस बंद करणारा वेगळा कॉक बसवावा. हे काम गॅस जोडणीचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

शेगडीबाबत शहरी कुटुंबांकडून हमखास होणारी एक चूक टाळायला हवी. घरात नळाचा गॅस आल्यावर जुनी शेगडी त्यासाठी बदलून घेतलेली असते. नैसर्गिक वायू कमी दाबाने येतो आणि त्याची उष्णताही आकारमानाच्या मानाने कमी असते, म्हणून त्या शेगडीच्या जेटचे छिद्र मोठे केलेले असते. घरात नवी शेगडी आली की हीच जुनी शेगडी सहलीसाठी बाजूला ठेवली जाते. ती एलपीजीवर लावली तर गॅस गरजेपेक्षा कितीतरी अधिक येतो, ज्वाला पिवळी आणि उंच होते, भांड्यांवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. ट्रेलरमधील शेगडी मूळची एलपीजीचीच असावी किंवा तिचे जेट पुन्हा बदलून घ्यावेत. निळी, स्थिर ज्वाला ही निरोगी ज्वलनाची खूण. पिवळी ज्वाला ही सूचना मानावी.

जोडणीनंतर सांधे तपासण्यासाठी साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणे हा अपघाताचा मार्ग होय. लांबच्या प्रवासात हादऱ्यांनी सांधे ढिले होतात, म्हणून ही तपासणी प्रत्येक मुक्कामी शेगडी पेटवण्यापूर्वी व्हायला हवी.

लहान डबीच्या ब्युटेन शेगड्याही हल्ली सर्रास मिळतात. त्या वापरताना डबीला उष्णता लागू देऊ नये. शेगडीपेक्षा मोठा तवा ठेवला किंवा वाऱ्यासाठी चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा केला, तर उष्णता उलटून डबीवर येते आणि ती फुटू शकते.

हवा येऊ द्या, हवा जाऊ द्या

आतील ओट्यासाठी कायमस्वरूपी उघडे झरोके अनिवार्य आहेत. एक फरशीलगत, जड गॅस बाहेर जाण्यासाठी. दुसरा छताजवळ, गरम हवा आणि वाफ जाण्यासाठी. झाकण लावून बंद करता येणारी खिडकी ही या झरोक्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण पावसात पहिल्यांदा तीच बंद होते. बाहेरून उतरत्या पट्ट्यांची जाळी बसवली तर पाणी आत येत नाही आणि हवाही अडत नाही. स्वयंपाक चालू असताना याशिवाय एक खिडकी किंवा दार उघडे असावे आणि छतावर १२ व्होल्टचा पंखा असल्यास तो हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने चालवावा.

धोक्याची सूचना देणारी दोन उपकरणे वेगवेगळी लागतात. एलपीजीचा सूचक फरशीपासून वीतभर उंचीवर बसवावा, कारण गॅस तेथे साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीला असावा. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण झोपेत किंवा सर्दीत तो जाणवेलच असे नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे किंवा कोळशाची शेगडी आत आणणे हे कधीही करू नये. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतच असतात. थंडीसाठी रजई पुरेशी आहे.

विजेची शेगडी : सोय किती, मर्यादा किती

गॅस नकोच, इंडक्शन नेऊ, असा विचार अनेकांच्या मनात येतो. ज्वाला नाही आणि विषारी वायूही नाही, हे तिचे गुण निर्विवाद आहेत. मात्र दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी घरच्या २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर विद्युतप्रवाह घेते. तीच इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली तर हा आकडा १६५ अँपिअरच्या पुढे जातो. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून तिला न दुखावता निम्मीच ऊर्जा घेता येते. त्या हिशेबाने ही शेगडी पंधरा ते अठरा मिनिटे चालेल. एवढ्यात चहा होतो, डाळ शिजत नाही. शिवाय इतक्या मोठ्या प्रवाहासाठी वायर बारीक पडली, तर तीच तापून पेट घेते.

त्यामुळे इंडक्शन जेथे मुक्कामाच्या ठिकाणी विजेची पक्की जोडणी मिळते तेथेच सोयीची. त्यासाठी १६ अँपिअरचा प्लग, अर्थिंगसह तीन तारांची जाड केबल आणि ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी असावा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या धातूच्या ट्रेलरमध्ये अर्थिंगशिवाय वीज घेणे म्हणजे संपूर्ण वाहनालाच विजेचा धक्का देण्याजोगे बनवणे होय. जनरेटर वापरायचा झाल्यास तो ट्रेलरपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. वडकऱ्याची घटना येथे आठवावी.

तेल, कुकर आणि आगीशी सामना

बाहेर धुवाधार पाऊस आणि आत कांदाभजी, ही कल्पना सुखद असली तरी बंद ट्रेलरमध्ये तळण करू नये. तेल सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की ठिणगीशिवायही पेटते आणि लहान कढईत ही अवस्था लवकर येते. भजी बाहेरच्या ओट्यावर, सपाट जागेवर तळावीत. कुकर तीन लिटरपर्यंतचा, रुंद बुडाचा असावा. उतारावर उभा केलेला ट्रेलर आधी जॅक लावून समपातळीत आणावा. तिरक्या शेगडीवरील उकळते भांडे घसरण्यास एक धक्का पुरतो.

दोन किलोचे एबीसी प्रकारचे, भारतीय मानक १५६८३ चे चिन्ह असलेले अग्निशामक दाराजवळ असावे. शेगडीच्या वर नव्हे, कारण पेटलेल्या शेगडीवरून हात नेऊन ते काढता येत नाही. पिन ओढावी, नोझल ज्वालेच्या मुळाकडे रोखावे, दांडा दाबावा आणि आडवे फिरवावे, हा क्रम घरातील प्रत्येक प्रौढाला पाठ असावा. कढईतील तेल पेटले तर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करावा आणि घट्ट झाकण किंवा अग्निरोधक चादर टाकून हवा तोडावी. कढई उचलून बाहेर पळू नये. आग काही क्षणांत आटोक्यात आली नाही, तर सामानाचा मोह सोडून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. गॅस गळतीसाठी १९०६ हा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आहे.

गळतीचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये. शेगडीचे नॉब आणि बाहेरून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी दूर जाऊन मगच भ्रमणध्वनी वापरावा.

भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात. गंभीर भाजल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ठाण्यालगत ऐरोली येथे नॅशनल बर्न्स सेंटर हे केवळ भाजलेल्या रुग्णांसाठीचे रुग्णालय आहे.

प्रवासात आणि मुक्कामी

वाहन हलण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवावा आणि सिलिंडरवर सुरक्षा टोपी लावावी. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. मग तेथे चहा करण्याचा प्रश्नच येत नाही. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी सर्व ज्वलन बंद असल्याची खात्री करावी. महामार्गाच्या कडेला उभे राहून स्वयंपाक करणे मागून येणाऱ्या वाहनांमुळेही घातक आहे.

मुक्कामाची जागा निवडताना कायद्याचे भान हवे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव जंगलात विनापरवानगी आग पेटवणे हा गुन्हा आहे. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तानसा हे अभयारण्य आहे. तेथे वाटेल तिथे शेगडी मांडता येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात माळावरचे वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते, हेही विसरू नये. परवाना असलेले कृषी पर्यटन केंद्र किंवा शेतकऱ्याच्या संमतीने त्याचे खळे, हे पर्याय अधिक चांगले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो. त्यामुळे त्याची रीतसर नोंदणी लागते. बांधणीत बदल करण्यापूर्वी ठाणे किंवा कल्याण येथील परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. गॅस जोडणीची माहिती दडवलेली असेल, तर अपघातानंतर भरपाईचा प्रश्न अवघड होऊ शकतो.

घरी परतल्यावर

सहल संपली की काळजी संपली, असे समजले जाते. खरे तर वर्षातील बहुतेक दिवस ट्रेलर सोसायटीच्या आवारात उभा असतो. स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा तळघरात सिलिंडरसह उभा ट्रेलर हा संपूर्ण इमारतीचा धोका आहे. गळलेला जड गॅस तळघरातून बाहेर पडत नाही आणि शेजारच्या मोटारीची चावी फिरली की ठिणगी मिळते. म्हणून परतल्यावर सिलिंडर काढून हवेशीर, उघड्या जागी उभा ठेवावा, बॅटरीची जोडणी सोडावी, ओटा आणि झरोके तेलकट थरापासून स्वच्छ करावेत. पुढच्या सहलीआधी नळी, सूचक उपकरणांच्या बॅटऱ्या आणि अग्निशामकाचा दाबमापक काटा तपासावा. ट्रेलर उभा करण्याबाबत सोसायटीच्या समितीची लेखी संमती घेतली, तर पुढचे वादही टळतात.

या साऱ्या व्यवस्थेचा खर्च ट्रेलरच्या एकूण किमतीच्या मानाने थोडाच आहे. अग्निरोधक पत्रा, स्वतंत्र कप्पा, दोन झरोके, दोन सूचक आणि एक अग्निशामक, एवढीच ही यादी. बैलगाडी झाडाखाली सोडून अंतरावर तीन दगड मांडणाऱ्या पिढीकडे यांपैकी काहीही नव्हते. तिच्याकडे होते ते विस्तवाचे भान. साधने बदलली, वाहने बदलली, रस्ते रुंद झाले. ते भान मात्र आजही सोबत न्यावेच लागते.